बोट घालून मिटलेली पुस्तकं

पुस्तक कसं वाटलं, असं कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. ‘छान आहे’ म्हणून वेळ मारून नेते. समोरच्यालाही बहुधा तेवढंच हवं असतं. खरं सांगायचं तर कथानक माझ्या डोक्यातून सहा महिन्यांत उतरतं, पात्रांची नावं त्याच्याही आधी. नायिकेचं शेवटी लग्न झालं की तिने जीव दिला, हेसुद्धा कधीकधी धड आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की अमुक एका पानावर आल्यावर मी पुस्तकात बोट घातलं, ते मिटलं आणि बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

खूण घालून ठेवणं वेगळं. झोप आली, दाराची बेल वाजली, कोणाचा फोन आला, की खूण घालायची. त्यात पुस्तकाचा काही संबंध नसतो. बोट घालून मिटलेलं पुस्तक मात्र मिटलेलं नसतंच. ते हातात असतं, बोटाला दोन्हीकडच्या पानांचा दाब जाणवत असतो आणि आपण लेखकाला ‘थांबा जरा’ म्हटलेलं असतं. मला पुस्तकाबद्दल जे काही वाटतं ते त्या तेवढ्या वेळात वाटतं. मागाहून जे मत तयार होतं त्यात प्रस्तावनेचा, परीक्षणांचा आणि शहाण्या मित्रमंडळींचा वाटा माझ्यापेक्षा जास्त असतो.

रहस्यकथा याला अपवाद. तिच्यात बोट घालायला सवड कुठली? तिथे काम असतं ते अंगठ्याला. उजव्या अंगठ्याखाली किती पानं उरली ते सारखं चाचपायचं. चाळीस पानं शिल्लक आहेत, म्हणजे आत्ता पकडला तो खरा खुनी नव्हे, एवढं गणित कोणालाही जमतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजारने आणि काळ्या पहाडाने किती जणांना वाचनाची चटक लावली असेल याचा हिशेब नाही. त्या बारक्या पुस्तकांत अंगठ्याला शेवट फारच लवकर कळायचा, आणि तरी कोणी मध्येच खाली ठेवत नसे. (ई-बुकात किती टक्के झालं ते आकड्यांत दिसतं. अंगठ्याला टक्के कळत नाहीत.)

आई रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचते. मला लहानपणापासून याचा राग. “कोणी केलं ते एकदा कळलं की निवांत वाचता येतं,” हे तिचं ठरलेलं उत्तर. मी तिला वाचकच मानायला तयार नव्हते. मग अगाथा ख्रिस्तीची, रॉजर अॅक्रॉइडच्या खुनाची, १९२६ सालची ती गाजलेली कादंबरी आमच्या घरात आली. शंभर वर्षं होत आली तरी तिचं रहस्य मी इथे फोडणार नाही. मी रीतसर पहिल्या पानापासून वाचली आणि शेवटी सपशेल फसले. चिडून मागे गेले, एकेक वाक्य हुडकून काढलं, तेव्हा कळलं की बाईने खोटं काहीच सांगितलेलं नव्हतं. सगळं माझ्या डोळ्यांदेखत मांडलं होतं, मीच त्या वाक्यांवरून घसरत पुढे गेले होते. आईने नेहमीप्रमाणे शेवट वाचला, मग पहिल्यापासून सुरुवात केली. मला जिथे काडीचं काही दिसलं नव्हतं, त्या जागांवर ती गालातल्या गालात हसत होती. “बघ, काय लिहिलंय बाईने!” असं म्हणत दर चार पानांनी पुस्तकात बोट घालत होती. मला जे पुस्तक दुसऱ्या वाचनात मिळालं ते तिला पहिल्यातच मिळालं. त्या दिवसापासून मी शेवटच्या पानावरून तिला बोलायचं सोडलं.

नाहीतरी शेवट ठाऊक असलेली पुस्तकं आपण सगळेच वाचतो. अॅन फ्रँकची रोजनिशी कोणी ‘पुढे काय होईल’ म्हणून उघडत नाही. शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ची, आणि ४ ऑगस्टला त्या लपलेल्या कुटुंबांना पकडून नेलं. ती मुलगी स्वतःच्या स्वभावातल्या खोडींबद्दल लिहिते आहे, आपल्याला कोणी समजून घेत नाही म्हणून कुरकुरते आहे, जशी त्या वयात कोणीही करेल. पानं संपत आलीत हे आपल्या अंगठ्याला कळतं आणि तिला कळत नाही. ते वाचताना मला रडू वगैरे आलं नाही. लाज वाटली. दाराच्या फटीतून बघितल्यासारखी.

कर्ण मरणार हेही ‘मृत्युंजय’ हातात घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मी ती पंधराव्या वर्षी वाचली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण, अशी एकेकाच्या तोंडून ती कथा येते आणि सगळे मिळून कर्णाला खांद्यावर घेतात. पंधराव्या वर्षी जगाने आपल्यावर घोर अन्याय केलेला आहे अशी माझी खात्री होती. (केला नव्हता. तसं काही विशेष घडलंच नव्हतं.) कर्णाला कोणी सूतपुत्र म्हटलं की माझे कान तापत. ती जाडजूड कादंबरी मी चार दिवसांत संपवली आणि पुढचे कित्येक महिने मनातल्या मनात थोडी कर्णासारखी वागत होते, म्हणजे कोणी काही मागितलं की जरा खाली बघून देऊन टाकायचे. आता आठवलं तरी हसू येतं.

‘युगान्त’ वाचायला मध्ये दहा-बारा वर्षं जावी लागली. दोन्ही पुस्तकं एकाच वर्षीची, १९६७ची, हे तर त्याच्याही नंतर कळलं. एकच महाभारत, आणि त्या एका वर्षात मराठीत दोघांनी कर्णाकडे किती निरनिराळ्या नजरेने पाहिलं. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या. त्या कर्णाचा कैवार घेत नाहीत, त्याला शिव्याही देत नाहीत. संहितेत काय आहे तेवढं बघतात, आणि तेवढंच पुरेसं होतं. त्यांच्या कर्णावरच्या लेखाचं नाव ‘मी कोण?’. द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगतो तो कर्ण. हे महाभारतात आहे, पहिल्यापासून आहे. मला ते कुठूनतरी ऐकूनही माहीत असणार, पण त्या दिवशी नीट समोर आलं. तिथे मी बोट घातलं.

आणि मला राग आला, तोही बाईंचा. घरच्या माणसाबद्दल बाहेरच्या कोणी वावगा शब्द काढला की येतो तसा राग. त्यांचं चुकलंय हे सिद्ध करायला म्हणून मी पुन्हा ‘मृत्युंजय’ काढली, आणि चाळीस पानांच्या पुढे जाता येईना. एकामागून एक उपमा येत होत्या आणि मला दम लागत होता. आता हे लिहिताना वाटतं, त्यात कादंबरीचं काय बिघडलं? तिने तिचं काम पंधराव्या वर्षीच चोख केलं होतं. कर्ण मला तिनेच दिला. तो आधी कोणी दिलाच नसता, तर इरावतीबाईंनी माझ्याकडून काय काढून घेतलं हे मला कळलं तरी असतं का? ‘युगान्त’ मी नंतर तीनदा वाचलं. ‘मी कोण?’पाशी अजूनही जरा घुटमळते. मत बदललंय, राग मात्र थोडासा शिल्लक आहे आणि तो मी सांभाळून ठेवलाय.

विज्ञानाच्या पुस्तकात बोट अडकतं ते सरळसरळ कळलं नाही म्हणून. स्टीफन हॉकिंगच्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’मध्ये एकच समीकरण आहे, कारण दर समीकरणागणिक खप निम्मा होईल असा इशारा त्यांना कोणीतरी दिला होता. १९८८ साली पुस्तक आलं, खप प्रचंड झाला. पूर्ण वाचलेली माणसं मला फारशी भेटली नाहीत. माझं स्वतःचं बोट काल्पनिक काळापाशी अडकलं, ते अजून निघायचंय.

डार्विनचं मात्र उलटं झालं. १८५९चं पुस्तक, जगाची झोप उडवणारं म्हणून ऐकलेलं, तेव्हा मी पहिल्या पानापासून वीज कडाडायची वाट बघत होते. आणि हा गृहस्थ बोलतोय कबुतरांबद्दल! शेपटीची पिसं किती, चोच केवढी, कुठली जात कशी पैदा केली. या नादापायी तो लंडनमधल्या कबुतरं पाळणाऱ्यांच्या दोन मंडळांत सामील झाला होता. पहिल्या प्रकरणात मी चक्क जांभया दिल्या. हौशी माणसं चार-दोन गुण निवडत राहिली तर एका रानकबुतरातून इतके निरनिराळे पक्षी निघतात, बरं, निघोत की. मग दोन प्रकरणं पुढे गेल्यावर लक्षात आलं की मुद्द्याला मी केव्हाच मान्यता देऊन बसले आहे. कबुतरांपाशीच हो म्हटलं होतं. रॉजर अॅक्रॉइडनंतर इतकी बेमालूम फसवणूक माझी कोणी केली नव्हती. कंटाळा येईल इतक्या शांतपणे लिहिणाऱ्या माणसांना मी तेव्हापासून जरा वचकून असते.

जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून केलेलं नाव, आणि अक्षर पत्नीचं, म्हणजे परीक्षकांना ओळखू येऊ नये. बक्षीस मिळालं. मला या गोष्टीत कथेइतकीच गंमत वाटते: जगभर नाव झालेला माणूस आपल्या भाषेत नवशिका म्हणून रांगेत उभा राहतो. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ घड्याळ मंद चालतं, हे वाक्य मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं आणि पेपर झाल्यावर विसरलेही होते. विज्ञानकथेत तेच वाक्य एखाद्याच्या घरी परतण्यावर येऊन आदळतं. त्याच्या लेखी थोडाच वेळ गेलेला, इकडे त्याची माणसं म्हातारी झालेली. तेव्हा कुठे मला ते कळलं, आणि कळलं ते घशात.

भयकथा मी दिवसा वाचते, एवढंच त्यांच्याबद्दल. यशस्वी कसं व्हावं हे सांगणाऱ्या पुस्तकांत मला आजवर एकदाही बोट घालावं लागलं नाही. तिथे प्रत्येक पान मागच्या पानासारखंच असतं, त्यामुळे कुठेही मिटावं, कुठेही उघडावं. शब्दकोशाचंही तसंच, पण तो मी आनंदाने वाचते. मोल्सवर्थमध्ये एक शब्द बघायला जावं आणि तासाभराने भलत्याच अक्षरावर सापडावं.

आत्मचरित्रांकडे यायला मी टाळाटाळ करते आहे, कारण तिथलं बोट दुखतं.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं. त्यातली मांडणी अशी, की शिकलेला, लेखक झालेला दया पवार आहे आणि त्याच्यासमोर दगडू मारुती पवार आपली हकिकत सांगतो आहे. म्हणजे तोच माणूस स्वतःच्या समोर बसलेला. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजात होते आणि माझी समजूत अशी की मी फार सुधारलेल्या विचारांची आहे. वाचता वाचता वाईट वाटत होतं. मग एका पानावर जाणवलं की वाईट वाटतंय याचं मला बरं वाटतंय. पुस्तक मिटलं, बोट आत. आपण कुठल्या बाजूला बसून हे वाचतोय? दगडूसमोर दया पवार बसू शकतो, त्याला तो अधिकार आहे. मी तिथे खुर्ची ओढून कशाच्या बळावर बसले होते? पुढचं पुस्तक मी सावकाश वाचलं आणि हळहळण्याची सवय बाजूला ठेवून वाचायचा प्रयत्न केला. ते सोपं नव्हतं. हळहळ ही फार सोयीची गोष्ट आहे, ती आली की पुढचं काही करावं लागत नाही. कोणी मला ‘बलुतं’ कसं वाटलं असं विचारलं तर मी आजही ‘छान’ म्हणत नाही. वाचा, म्हणते.

‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागाने आलं. लक्ष्मीबाई टिळकांचं शिक्षण बेताचं, नवरा कवी आणि विक्षिप्त, न सांगता घरातून नाहीसा होणारा, आणि मग एक दिवस त्याने धर्मच बदलला. कुठल्याही दुसऱ्या लेखणीत याची नुसती आसवं झाली असती. लक्ष्मीबाई हसवतात. स्वतःच्या फजितीवर आधी हसतात, मग टिळकांवर. मी धो धो हसत होते आणि हसता हसता एकदम थांबले, कारण ज्या प्रसंगावर हसले तो माझ्या बाबतीत घडला असता तर मी आयुष्यभर कोणाला क्षमा केली नसती. विनोदी पुस्तक वाचताना माणूस एरवी थांबतो तो ‘ऐक ना, ऐक ना’ करत शेजारच्याला वाचून दाखवायला. इथे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आईला तेव्हा विचारलं होतं, “इतकं सोसून ही बाई चिडत कशी नाही?” आई म्हणाली, “चिडलीच असणार. लिहायला बसली तेव्हा उतरला होता राग.” मला वाटतं, त्या पुस्तकावर मी वाचलेली सगळी समीक्षा या एका वाक्यात बसेल.

कवितेचं बोलायचं तर तिथे दर ओळीला बोट असतं, म्हणून निराळं काही सांगता येत नाही. एकच अडखळणं सांगते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती छापली गेली. हे मला शाळेपासून माहीत होतं, परीक्षेत एका गुणाला यायचं. पण खूप वर्षांनी ते पुस्तक रात्री एकटीच वाचत असताना मनात आलं, की हे ज्या बाईचं आहे तिला हे पान वाचता आलं नसतं. मी जशी वाचते आहे, ओठ मिटून, डोळ्यांनी, तशी ही गाणी तिच्याकडे कधी नव्हतीच. मी मोठ्याने म्हणून पाहिली. आवाज अवघडला. मोठ्याने वाचायची सवय शाळेबरोबर सुटली होती.

ती परत लागली आईमुळे. तिच्या डोळ्यांना आता बारीक टाइप दिसत नाही, मोठाही फार वेळ दिसत नाही. तेव्हा रात्री तासभर मी वाचते आणि ती ऐकते. गेल्या खेपेला आम्ही विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घेतला. भटजी वरसईचे, घरात कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि नेमके १८५७च्या बंडात सापडले. झाशीला असताना वेढा पडला, शहर पडलं, लूट आणि कत्तल झाली, ते सगळं त्यांनी जीव मुठीत धरून पाहिलं. पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापलं, तोवर भटजी हयात नव्हते. इतिहासाच्या पुस्तकांत सैन्यं असतात, तारखा असतात. इथे एक गरीब माणूस आहे, त्याला भूक लागते, तो लुटला जातो, आणि एवढ्या धामधुमीतही त्याच्या डोक्यात कर्ज आणि आईवडील आहेत.

पहिल्याच रात्री आईने विचारलं, “शेवटी काय होतं ते सांग आधी.”

“झाशी पडते,” मी म्हटलं.

“ते माहितीये गं. भटजी घरी पोचतात का?”

मी सांगितलं. पोचतात. पैसा म्हणावा असा काही उरत नाही, पण गंगेची कावड घेऊन येतात आणि आईवडिलांना त्या पाण्याने न्हाऊ घालतात. “मग वाच,” ती म्हणाली आणि उशीला टेकली.

मोठ्याने वाचताना एक अडचण असते, बोट घालता येत नाही. ऐकणारं माणूस तिष्ठत असतं. झाशीच्या कत्तलीची पानं मी एका सुरात, घाईघाईने वाचून काढली, नाहीतर जमलंच नसतं. आई डोळे मिटून ऐकत होती, मध्ये एकदाच “हळू” म्हणाली. मग काल्पीच्या वाटेवरची ती विहीर आली. झाशीतून निसटलेली राणी, तहानलेली, धुळीने माखलेली, तिथे भटजींना भेटते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती त्यांना काढू देत नाही. स्वतः पाणी शेंदते आणि मातीच्या मडक्यातलं ओंजळीने पिते. मागे सगळं राज्य गेलेलं, आणि एका ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये एवढी रीत तिच्या ध्यानात आहे.

मला पुढचं वाक्य दिसेना. पुस्तक मिटलं गेलं, बोट आपसूक आत.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग डोळे न उघडताच म्हणाली, “थांबलीस का? वाच की. त्यांना अजून घरी पोचायचंय.”